पंचवीसवर अडकलेली लढाई

काकांना कुणी हरवल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. कॅरम असो, पत्ते असोत की बुद्धिबळ, डाव अंगाशी यायला लागला की ते गप्प होत, आणि गप्प झाले की जिंकत. औषधाच्या कारखान्यात, सिरपच्या बाटल्या भरतात त्या विभागात, ते सुपरवायझर होते. तिथेही त्यांचा आवाज कधी चढला नाही म्हणे. निवृत्त झाल्यावर त्यांना एका जुन्या कॉम्प्युटर गेमचा नाद लागला. किल्ले बांधायचे, शेतं पिकवायची, फौज उभी करायची आणि शेजारच्या राज्यावर चाल करून जायचं. काकू तेव्हापासून त्यांना सेनापती म्हणते. सेनापती, भाजी आणायच्या मोहिमेवर कधी निघताय, असं तिनं विचारलं की काका म्हणतात, फौज दमली आहे.

गेम मुळात दादाचा. दादा म्हणजे काकांचा मुलगा, माझा चुलत भाऊ. शाळेत असताना त्यानं तो आणला आणि काकांनी त्याला अभ्यासाला पिटाळून स्वतः शिकून घेतला. आता दादा नोकरीसाठी लांब राहतो. दर रविवारी दुपारी बापलेक आपापल्या घरी बसून इंटरनेटवरून एकमेकांवर फौजा सोडतात. एरवी फोनवर या दोघांचं बोलणं ‘बरं आहे ना’ आणि ‘बरं आहे’ यापुढे कधी सरकलेलं नाही. पण लढाई सुरू झाली की दादा साहेबाच्या कागाळ्या सांगतो, घरातली भांडणं सांगतो, आणि काका त्याच्या उत्तरेच्या भिंतीला भगदाड पाडता पाडता त्याला चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकवतात. ही दुपार काढून घेतली तर या दोघांत काही उरणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणत कुणी नव्हतं.

काकांचा जुना कॉम्प्युटर अगदी टेकीला आला होता. म्हणून दादानं नवीन मशीन पाठवलं. काळं, एका बाजूला काच असलेलं, आत रंगीत दिवे लुकलुकणारं. त्याच्यावर असले जुने गेम वाऱ्यासारखे पळायला हवेत. आणि पळतंय कुठलं? घोडेस्वार गुडघाभर चिखलातून निघाल्यासारखे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

बरं, रखडणं एकट्या काकांपुरतं असतं तरी चाललं असतं. पडद्यावर दर सेकंदाला जितकी चित्रं उमटतात त्यांना फ्रेम म्हणतात, आणि या जुन्या गेमचं घड्याळच त्या फ्रेमवर चालतं. फ्रेम कमी झाल्या की शिपायांची चालही मंदावते. शिवाय दोघं खेळत असतील तर ज्याचं मशीन मंद त्याच्यासाठी दुसऱ्याचं मशीनही थांबून राहतं. म्हणजे इथं काकांचं घोडं अडलं की तिकडं दादाचंही अडतं.

शेवटी दादाचा मला फोन आला. मी एका हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात काम करते, त्यामुळे घराण्यातली सगळी बंद पडलेली यंत्रं माझ्याच गळ्यात. तो वैतागला होता. म्हणाला, एवढे पैसे घालून नवीन पाठवलं तरी तेच. मला आता बसवत नाही. दुरुस्त होत असेल तर बघ, नाहीतर हे रविवारचं बंदच करू. मी हबकले. ‘बंदच करू’ हे त्यानं किती सहज म्हटलं, याचा मला जास्त धक्का बसला.

मी शनिवारी सकाळीच काकांकडे गेले. काका म्हणाले, कशाला, चाललं आहे की. काकूनं तर दारातच सांगितलं, चहा घे, गप्पा मार, पण त्या मशीनला हात लावू नकोस. आता मला कुणी ‘राहू दे’ म्हटलं की माझे हात शिवशिवायला लागतात. म्हाताऱ्या माणसांना नव्या वस्तूची भीती वाटते, असा निष्कर्ष काढून मी खुर्ची पुढे ओढली.

आधी नेहमीचे संशयित घेतले. पडद्याची वायर ग्राफिक कार्डात न खोचता शेजारच्या भोकात खोचतात लोक. इथं बरोबर होती. मशीन तापतंय का पाहिलं, थंडगार. कार्डाचं सॉफ्टवेअर नवीन घातलं. वीज वाचवायची सेटिंग बंद केली. हा गेम निघाला तेव्हा प्रोसेसरात एकच मेंदू असायचा, त्यामुळे आताच्या आठातले सात नुसते बसून राहतात, तर त्या एकाला तरी नीट राबू दे म्हणून मागं चाललेले बाकीचे प्रोग्रॅम बंद केले. पडद्याचा आकार लहान करून पाहिला, मोठा करून पाहिला. दादा फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होताच. फरक शून्य.

मग मी पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेमचा आकडा लावला आणि तिथं मला पहिल्यांदा चमत्कारिक वाटलं. आकडा पंचवीस, असायला हवा साठ तरी. मोठी फौज पडद्यावर आणली, पंचवीस. रिकामा समुद्र आणला, तरी पंचवीस. दमलेलं मशीन असं वागत नाही. ते कधी वर जातं, कधी खाली येतं, ओझं दिलं की कण्हतं. हे दमलेलं नव्हतंच. याला कुणीतरी धरून ठेवलं होतं.

कार्डाच्या सेटिंगमध्ये आत आत शिरले तेव्हा सापडलं. फ्रेमवर मर्यादा घालायची एक सरकपट्टी असते, ती पंचवीसवर आणून ठेवलेली. डोंगर पोखरून उंदीर. दुकानदारानं घोळ घातला असणार, असं म्हणत मी पट्टी काढून टाकली. घोडे असे उधळले की मी टाळ्या वाजवल्या. काकू मागं उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. ती हळूच म्हणाली, तेवढं होतं तसं राहू दे ना, त्यांच्या डोळ्यांना त्रास होईल. उलट आता डोळ्यांना बरं पडेल, असं मी तिला समजावलं. तिला! काका खिडकीकडे बघत होते.

रविवारी मी मुद्दाम गेले. कौतुक करून घ्यायला गेले, दुसरं काय. दादाचा आवाज टेबलावरच्या स्पीकरमधून येत होता आणि तो खुशीत होता. अरे वा, लोण्यासारखं चालतंय, म्हणाला. काका पाठ ताठ करून बसले. लढाई सुरू झाली.

आणि मी जे पाहिलं त्यावर माझा विश्वास बसेना. दादाचे स्वार पुलावर आले तेव्हा काका अजून लाकूडतोड्यांना शोधत होते. त्यांच्या माउसचा बाण पडद्यावर एका बाजूला जायचा, नजर दुसऱ्या बाजूला असायची. भालाईत निवडायला गेले, निवडली गेली मेंढरं. दरवाजा बंद करायचं बटण त्यांना दिसत होतं, त्यांचं बोट तिकडे निघालंही होतं, पण ते पोचेपर्यंत दरवाजा जळून गेला होता. उजव्या हाताला कंप सुटला होता, म्हणून त्यांनी डावा हात त्याच्यावर ठेवला. दादा सुरुवातीला हसत होता. काय सेनापती, झोपलात का, म्हणाला. मग त्याचं हसणं थांबलं. चहा निवायच्या आत काकांचं राज्य संपलं. पडद्यावर नुसता धूर.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. स्पीकरमधून दादाचा आवाज आला, बारीक, लहानपणी यायचा तसा. “बाबा, तुम्ही मुद्दाम हरलात ना?”

उत्तर काकूनं दिलं.

“ती पट्टी मी लावली होती,” ती म्हणाली. “दुकानदाराला फोन करून विचारलं, मशीन हळू कसं करायचं. तो हसला, पण सांगितलं त्यानं.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. साधा मोबाइल चार्जिंगला लावतानासुद्धा मला हाक मारणारी ही बाई! ती पदराशी चाळा करत सांगत होती. जुनं मशीन आपसूकच मंद होतं, म्हणून निभावून गेलं. नवीन आलं त्या दिवशी हे एकटेच खेळायला बसले आणि तिनं स्वयंपाकघरातून पाहिलं, यांचा हात पुरत नव्हता. डॉक्टरकडे चला म्हटलं तर ऐकत नाहीत. मग तिला कारखाना आठवला. ती त्याच विभागात बाटल्या तपासायला होती, त्यांचं लग्नही तिथंच जमलं. कुणाचा हात चालेनासा झाला, कुणी आजारातून उठून आलं, की काका कुणाला काही न सांगता बटण फिरवून बाटल्यांचा पट्टा जरा हळू करत. त्या माणसाला बोलून दाखवायचं नाही, हा तिथला रिवाज होता.

“हा पोटात होता तेव्हा माझ्यासाठीही पट्टा हळू केला होतात,” ती स्पीकरकडे बोट दाखवत काकांना म्हणाली. “मला कळलं होतं. मी कधी बोलले नाही.”

मी तोंडात मारल्यासारखी उभी होते. हे सगळं दादा तिकडे ऐकत होता. त्याच्या खुर्चीचा आवाज येत होता, म्हणजे तो होता. मी घाईघाईनं म्हणाले, काका, मी आत्ता परत लावते, पंचवीस, होतं तसं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

काकांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. तो हात अजून थरथरत होता आणि आता त्यांनी तो लपवला नाही.

“पंचवीस नको,” ते म्हणाले. “पंधरा कर.”

काकूनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

“पंचवीसलाही जमत नाही मला,” ते तिला म्हणाले. “गेले काही आठवडे. म्हणून तर दर वेळी लढाईच्या आधी तह करतो मी याच्याशी. याला वाटतं, बाप मवाळ झाला.”

काकू त्यांच्या खुर्चीशी येऊन बसली. आपण एकटीच लपवतोय असं तिला इतके दिवस वाटत होतं. मी पट्टीवर बोट ठेवलं, पण ते हलेना. पंधरावर तो गेम म्हणजे जवळजवळ थांबलेलाच. एकेक पाऊल टाकायला शिपाई किती वेळ लावेल, हे मला माहीत होतं, आणि तिकडे दादालाही माहीत होतं.

“पंधरा लाव गं,” स्पीकरमधून दादा म्हणाला. “मला आज काही काम नाही.”