इंग्लिश पणजोबांचं रोन्चे

नवऱ्याला कोबेतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं तीन वर्षांचं काम मिळालं आणि मी पुण्यातली शाळेची नोकरी सोडून, तीन वर्षांच्या मुलीला घेऊन त्याच्याबरोबर गेले. तेव्हा आमच्या ओळखीतलं दर दुसरं घर जपानला निघालं होतं. बाकीचे सगळे तोक्योकडे, आम्ही तेवढे कोबेला. पहिले चार महिने कचरा कुठल्या वारी कुठल्या पिशवीत टाकायचा हे शिकण्यात गेले. मग मला घर खायला उठलं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला थोडे तास ‘बाइतो’, म्हणजे पार्टटाइम काम, करायची परवानगी मिळते. ती काढली आणि वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर इंग्रजी शिकवण्याची चिठ्ठी लावली.

पहिला फोन आला तो पंचाहत्तरीच्या एका बाईंचा. त्यांचं घर डोंगराच्या चढावर होतं. मी धापा टाकत पोचले तर त्या दारात उभ्या, पाठ ताठ, डोळे राखाडी. मनातल्या मनात मी त्यांना आजी म्हणू लागले, त्या मला ‘सेन्सेई’, म्हणजे शिक्षक, म्हणत.

“मला इंग्रजी बोलायला शिकायचं नाही,” त्यांनी सांगून टाकलं. “एवढं वाचून द्या, म्हणजे झालं.”

समोर पत्रांचा गठ्ठा होता. त्यांचे पणजोबा इंग्रज. एकोणिसाव्या वर्षी घर सोडून मुंबई इलाख्यात आले, काही वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली, आणि कोबेचं बंदर परदेशी लोकांना नुकतंच खुलं झालं तेव्हा बोटीत बसून इकडे आले ते कायमचेच. इंग्लंडातल्या बहिणीला ते आयुष्यभर पत्रं लिहीत राहिले. ती गेल्यावर तिच्या मुलांनी सगळी पत्रं कोबेला परत पाठवली. पणजोबांचं अक्षर मुंगी चालल्यासारखं. घरात कुणाला ते लागत नव्हतं.

दर बुधवारी आम्ही वाचायला बसू लागलो. मी इंग्रजी वाचायची, मग मोडक्यातोडक्या जपानीत अर्थ सांगायची, आणि आजी तो वहीत उतरवून घ्यायच्या. इंग्रजांच्या वस्तीत तेव्हा नुसता चिखल होता. पणजोबांनी एका पत्रात लिहिलं होतं, ‘इथे रस्ते कागदावर फार सुंदर आहेत.’ ते चहाच्या व्यापारात नोकरीला लागले. चहासाठी लाकडी खोके लागत, आणि खोके करणाऱ्याची मुलगी त्यांच्यावर कागद चिकटवायला बसत असे. पणजोबा रोज खोके आणायला जायचे. शेवटी ऑफिसात रिकाम्या खोक्यांची इतकी रास झाली की साहेबाने विचारलं, “तू चहा विकतोस की लाकूड?” त्यानंतर दोन महिन्यांनी लग्न झालं.

“माझी पणजी!” आजी तोंडावर हात ठेवून हसत सुटल्या. त्यांना ही गोष्ट ठाऊकच नव्हती.

जूनमधल्या एका बुधवारी त्यांनी मला जेवायला थांबवलं. भात, माशाचा भाजलेला तुकडा, आणि एका छोट्या वाटीत काहीतरी पिवळं-लाल.

“हे आमच्या घरचं इंग्लिश जेवण,” त्या अभिमानाने म्हणाल्या. “रोन्चे. पणजोबांनी पणजीला शिकवलं. खऱ्या इंग्लंडात कसं करतात ते मला बघायचं आहे, पण तिकडून आलेल्या कुणालाच ते माहीत नसतं.”

मी एक फोड तोंडात टाकली. आंबटपणा जपानी उमेचा, म्हणजे त्यांच्याकडच्या कच्च्या जर्दाळूसारख्या फळाचा. पण मागोमाग फेसलेली मोहरी नाकात चढली, हळद आली, तिखट आलं. माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि ते सगळंच मोहरीचं नव्हतं. हिंग नव्हता, तेल तिळाचं होतं, तरी जिभेला ओळखायला वेळ लागला नाही. जपानीत ‘ल’ नाही. तो ‘र’ होतो.

“आजी,” मी चक्क मराठीत म्हणाले, मग भानावर आले. “हे इंग्लिश नाही. हे लोणचं आहे. आमचं. माझी आई करते.”

त्यांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. “तुमची आई?”

“माझी आई, मावशी, शेजारीण. गावातल्या सगळ्या बाया.”

त्यांचा विश्वास बसेना. मग आम्ही जेवण तसंच टाकून गठ्ठा उपसायला बसलो. दोन तासांनी ते पत्र सापडलं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातलं. ‘या देशात आंबा नाही. मी हिरव्या उमेला मोहरी लावून बरणी भरली आहे. रत्नागिरीचा माझा माणूस याला लोणचें म्हणायचा. माझ्या बायकोला वाटतं मला वेड लागलं, पण काल तिने तीन वेळा वाढून घेतलं.’ आजींनी ते वाक्य मला तीनदा वाचायला लावलं.

त्यानंतर पणजोबा रत्नागिरीच्या कचेरीत असतानाची पत्रं आधी वाचायची असं ठरलं. मला तर कधी बुधवार येतो असं झालं होतं. पण ती पत्रं वाचताना माझा आवाज अडखळू लागला. ‘माझा माणूस’ पहाटे उठून पाणी तापवी, तापात पणजोबांच्या उशाशी बसे, त्यांना मराठी शब्द शिकवी. आणि पणजोबा लिहीत, ‘बिचारा मठ्ठ आहे, पण भात चांगला करतो.’ एकाही पत्रात त्याचं नाव नव्हतं.

“थांबलात का?” आजींनी विचारलं.

“मला राग आला आहे,” मी सांगून टाकलं. “ज्याने याला जगवलं त्याला हा मठ्ठ म्हणतो.”

मला वाटलं त्या दुखावतील. पण त्यांनी चहा ओतला आणि शांतपणे म्हणाल्या, “माझ्या पणजीबद्दल पहिल्या पत्रात काय लिहिलंय, आठवतं? ‘एक छोटी बाहुली.’ त्या बाहुलीने पुढच्याच महिन्यात त्यांचे बूट विहिरीत टाकले होते. बूट घालून घरातल्या तातामीच्या चटयांवर आले म्हणून. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.”

मी हसले, पण राग पुरता गेला नाही. आजींनाही ते कळलं असावं. त्या दिवसापासून पत्र उघडलं की त्या आधी विचारायच्या, “नाव आहे?” मी शोधायची. नसायचं.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही शेवटच्या पत्रांपर्यंत आलो. पणजोबा म्हातारे झाले होते, अक्षर मोठं आणि वाकडं. बायको नुकतीच गेली होती. बहिणीला त्यांनी लिहिलं होतं, ‘आज मुलीने लोणचं वाढलं. रत्नागिरीत ज्याच्या हातचं मी तीन वर्षं जेवलो, त्याचं गाव कुठलं, त्याला मुलं होती का, मी कधी विचारलं नाही. आता नावही आठवत नाही. सकाळपासून आठवतो आहे.’

मी पत्राची घडी घातली. मग आजी उठल्या आणि खिडकी उघडून बंदराकडे बघत उभ्या राहिल्या. “उशीर केला,” एवढंच म्हणाल्या.

उन्हाळ्यात माझ्या सासूबाई महिनाभर आल्या. मी त्यांना चढावरच्या घरी घेऊन गेले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण बरणी मध्ये होती. सासूबाईंनी एक फोड चाखली आणि मला म्हणाल्या, “मीठ कमी आहे. आणि हिंग कुठंय? सांग त्यांना.” मी सांगितलं. आजींनी आदराने मान लववली आणि मला म्हणाल्या, “त्यांना सांगा, चार पिढ्या झाल्या, आता बदलता येणार नाही.” सासूबाईंना मी भाषांतर करून सांगितलं, तर त्या खूश होऊन म्हणाल्या, “बाई माझ्यासारखीच हट्टी आहे.” निघताना आजींनी एक बरणी हातात दिली. ती पुण्याला पोचली आणि पंधरा दिवसांत संपली.

आमची तीन वर्षं संपत आली तेव्हा आजी नातवंडांसाठी पणजोबांवर छोटं पुस्तक करत होत्या. मजकूर त्यांचा, झेरॉक्स कोपऱ्यावरच्या ‘कोन्बिनी’तली, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या दुकानातली, शिवण त्यांच्या हाताची. माझी आवराआवर चालली असताना एका सकाळी त्यांचा फोन आला.

“सेन्सेई, एक अडलंय. त्या स्वयंपाकी माणसाला मी ‘माणूस’ लिहिणार नाही. तुमच्याकडे वडिलांच्या वयाच्या माणसाला काय म्हणतात?”

“काका,” मी म्हणाले.

“का-का,” त्यांनी सावकाश उच्चारून पाहिलं. “लिहिते.”

नवऱ्याला पुढची नोकरी तोक्योजवळच्या कावासाकीत मिळाली होती. तिथे गेल्यावर महिन्याभरात पुस्तक टपालाने आलं. पणजोबांच्या आईवडिलांबद्दल पहिलं प्रकरण होतं. दुसऱ्याचं शीर्षक मी माझ्या सहा वर्षांच्या मुलीकडून वाचून घेतलं, ती जपानी माझ्यापेक्षा भरभर वाचायची. ‘रत्नागिरीचे काका-सान’. खाली दोन पानं भरून त्यांनी पत्रांतून गोळा केलेलं सगळं लिहिलं होतं, पहाटेचं पाणी, ताप, शिकवलेले शब्द. शेवटच्या ओळीत नातवंडांना सांगितलं होतं की यांचं नाव कुणाला कळलं तर इथे लिहा. त्याखाली त्यांनी जागा मोकळी सोडली होती.