आवाज नीट नाही

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्ही समोर असता तर तुम्हालाही तोंडाने सांगता आलं नसतं — म्हणून लिहिते.

माझी भाची पल्लवी परभणीला कॉलेजात असते. ती आणि तिच्यासारखे काहीजण मिळून एक सॉफ्टवेअर करतात — आपण बोलायचं आणि फोनने ते लिहून काढायचं. कंपनी नाही, कुणाला पगार नाही. ज्याला हवं त्याने फुकट घ्यावं. त्यासाठी गावोगावच्या लोकांनी फोनवरचं चित्र बघून एकेक वाक्य बोलून पाठवायचं. ते आत घेण्याआधी कुणीतरी ऐकून 'बरोबर' किंवा 'नाकारले' दाबायचं. आमच्या भागाचं ऐकणं माझ्याकडे आलं. माझं शिक्षण चौथी. पण पल्लवी म्हणाली, "मावशी, चार माणसांत बोलायचं न्हाई, नुसतं ऐकायचं." मला तेच तर हवं होतं.

आधी बरं वाटलं. मग ढीग साचत गेला. बोलणारे पुष्कळ, ऐकणारी मी एकटी. भाकरी थापताना कानात तेच, शेळ्यांना चारा टाकताना तेच. लोक विचारायचे, आमचं अजून तसंच का पडलंय? काहींनी पाठवणंच सोडलं. अंग दुखतं तो थकवा वेगळा. मला माणसाचा आवाजच नकोसा झाला होता.

आता अक्काचं सांगते. अक्का माझी मोठी जाऊ. तिला लिहिता-वाचता येत नाही. तिची एकुलती लेक पाथरीला दिलेली. लेकीला जन्मापासून ऐकू येत नाही, पण वाचते छान. व्हिडिओवर हातवारे करून मायलेकी किती बोलणार? अक्काला वाटलं, आता फोन माझं बोलणं लिहील, लेक वाचेल. तुझ्यासारख्यांचे जितके आवाज जातील तितकं त्याला कळेल, असं पल्लवीने तिला सांगितलेलं. कापूस वेचून आली की अक्का पायरीवर बसून बोलत राहायची.

पण विचारपूस न करता बोलायचं कसं? बैलाचं चित्र असो नाहीतर विहिरीचं, दर वेळी आधी — "जेवलीस का गं, सुमन?" ऐकणारी मी आहे हे तिला ठाऊक होतं ना! नियमात ते बसत नव्हतं. सुरुवातीचं तेवढं कापलं की बाकीचं वाक्य चालणार होतं. कापायचं कसं ते मला येत होतं. वेळ लागायचा, एवढंच. मी तिचं मागे टाकत गेले.

एका दुपारी पल्लवीचा फोन आला — ढीग खाली कर मावशी, सगळं अडून बसलंय. मी अक्काचं एक वाक्य ऐकलं. बाकीची न ऐकता सगळी एकदम निवडली — आणि नाकारली. नाकारलं की फोन कारण विचारतो. मी दाबलं, 'आवाज नीट नाही'.

अख्ख्या ढिगात तिच्याइतका स्वच्छ आवाज कुणाचा नव्हता.

ग्रुपवर माझं कौतुक झालं. अक्काने विचारलं, "माझं गेलं का गं?"

"गेलं अक्का. सगळं गेलं."

मग ते सॉफ्टवेअर फोनवर आलं. पल्लवीचं बोलणं झरझर लिहितं. अक्का बोलली की भलतंच. तिने पुन्हापुन्हा बोलून पाहिलं, मग हसली. "माझाच आवाज फुटका हाय गं. मशीन तरी काय करंल?" भजनात पहिली ओळ तीच उचलायची. आता मागे बसते.

ते आवाज पुसलेले नाहीत. नाकारलेल्यांत पडून आहेत. उघडून पुन्हा तपासता येतात. पण कुणी नाकारलं, काय कारण दिलं, ते शेजारीच दिसतं — पल्लवीलाही दिसेल. मी उघडलेले नाहीत.

अजून अक्का फोन घेऊन माझ्याकडे येते. लेकीला काय कळवायचं ते सांगते, मी लिहिते. बसायच्या आधी विचारते — जेवलीस का गं, सुमन?

मी हो म्हणते.