सुंदराबाई आणि कमलचा हात

सुंदराबाई माझी मावशी. डिलाईल रोडच्या एका चाळीत तळमजल्याच्या खोलीत ती कामगारांच्या पोरांची बालवाडी चालवायची. राहायला समोरच्या चाळीत. प्रेमळ वगैरे ती नव्हती. पोर रडायला लागलं की त्याच्या हातात खडू द्यायची, पुढ्यात चित्र सरकवायची आणि म्हणायची, "रडून झालं की हे भर." पण पोरांचे हात तिला कळत. कुणाचं मनगट ढिलं, कुणाचा अंगठा कामच करत नाही, हे तिला एका नजरेत दिसे. अक्षरं नंतर, आधी रंग, हा तिचा हट्ट.

छप्पनच्या जानेवारीत गोळीबार झाला तेव्हा वरच्या मजल्यावरची चार वर्षांची कमल गॅलरीत उभी होती. गोळी तिच्या उजव्या दंडाला चाटून गेली. जखम भरली, पण मनगट खाली लोंबत राहिलं, बोटं उचलेनात. डॉक्टर म्हणाले, शीर दुखावली आहे, हळूहळू येईल, हात चालता ठेवा.

कमलचा बाप राजाराम गिरणीत होता. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात सगळ्यांत पुढे. जूनमध्ये त्यानंच पोरीला मावशीकडे आणलं. "बाई, हिच्या हाताचं तुम्हीच काय ते बघा."

मावशीनं कागदाला खळ लावून तो भिंतीवर चिकटवला, कोळशानं मोठा आंबा काढला आणि कमलला त्याच्यापुढे उभी केली. भिंतीवर रंगवायचं म्हणजे मनगट वर उचलावंच लागतं. आधी गेरूत बोटं बुडवून. मग खडू, तोही मोडून चिंचोक्याएवढा केलेला, म्हणजे मुठीत धरताच येऊ नये, चिमटीतच धरावा लागावा. कमल डावा हात पुढे करी. मावशी तो पाठीमागे न्यायला लावी. पोरगी रडायची, तुकडा पडायचा, मावशी म्हणायची, "उचल."

ऑक्टोबरात मावशी नागपूरला जाऊन बुद्ध धम्माची दीक्षा घेऊन आली. दोन आयांनी आपली पोरं काढून घेतली. राजारामनं काढली नाही. "माझ्या पोरीच्या हाताक जात कळणा नाय," तो सगळ्यांसमोर म्हणाला. मावशीला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतकं बरं वाटलं.

सत्तावन्नच्या जानेवारीत कमलनं पहिल्यांदा आख्खा आंबा भरला, रेघेबाहेर न जाता. मावशीनं राजारामला बोलावून दाखवलं. तो बघत राहिला. "चांगलां झालां," म्हणाला, पण तोंडावर आनंद नव्हता.

त्याचं कारण मावशीला ठाऊक नव्हतं. वर्षभर तो कमलला सभांना नेत होता. व्यासपीठावर तिचा हात उचलायचा आणि सोडून द्यायचा. हात धपकन खाली पडला की बाया पदर डोळ्यांना लावायच्या. राजारामला त्यामुळे पुढाऱ्यांच्या बाजूला खुर्ची मिळू लागली होती.

दुसऱ्या दिवशी कमल आली ती हात गळ्यात झोळीत अडकवून.

"हे काय गं?"

"बाबा म्हणाले हलवायचा नाही."

मावशी वर गेली. "राजाराम, बांधून ठेवलात तर हात आखडेल."

"इलेक्शन होऊ दे, बाई."

"तोवर पोरीनं काय करायचं?"

"माझी पोर आहे." मग आवाज चढवून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "आणि तुमच्या लोकांच्या हातचं आता पुरे झालं." कमलची आई चुलीपुढे बसून होती. तिनं वर पाहिलं नाही.

आठवड्याभरानं परळच्या मैदानात सभा होती. कमलला तिथं उभी करतात हे मावशीच्या कानावर आता आलं होतं. ती गेली आणि अगदी पुढे उभी राहिली. कमलचा हात झोळीतून काढून राजारामनं उचलला तेव्हा ती ओरडली, "कमल, बोटं हलव! दाखव सगळ्यांना!"

कमलनं बापाकडे पाहिलं. मग हात तसाच पडू दिला.

"कोण ही? कुणी पाठवलीय?" गर्दीतून आवाज आला. मावशीला ढकलत बाहेर काढलं, पातळ फाटलं. महिन्याभरात बालवाडीत सहाच पोरं उरली.

निवडणूक झाली, पण सभा थांबल्या नाहीत, आणि झोळीही निघाली नाही. ती निघाली साठ सालच्या मे महिन्यात, राज्य मिळाल्यावर. आता व्यासपीठावर कमलला कुणी बोलावत नव्हतं. कोपर वाकलेलं, बोटं तळव्याशी वळलेली. राजाराम तिला पुन्हा मावशीपुढे घेऊन आला.

"तुम्ही तेव्हा अर्ध्यावर सोडलात, बाई," तो म्हणाला.

मावशीनं कमलला आत घेतलं. तीन महिने रोज गरम पाण्यात हात, मग भिंतीवर कागद. बोटं सरळ करताना कमल किंचाळायची. मावशी सोडायची नाही. एक दिवस आठ वर्षांची कमल शांतपणे म्हणाली, "बाई, आता कोणी बघत नाही. राहू दे ना."

मावशीनं तिच्या कानशिलात मारली. आयुष्यात पोरावर हात उचलला तो तेवढाच.

कमल दुसऱ्या दिवसापासून आली नाही. ती डाव्या हातानं लिहायला शिकली. पुढे वीस वर्षं दोघी समोरासमोरच्या चाळींत राहिल्या. बोलल्या मात्र कधीच नाहीत.