ट्युलिपच्या हाराने सोडवलेली गाडी

पाडव्याला आमची गाडी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये सव्वाचार तास उभी होती, असं तिथल्या कॅमेऱ्याचं म्हणणं. धादांत खोटं. त्यातला बराच वेळ ती आमच्या दारात होती आणि मी तिला कुंकू लावत होते.

तर झालं असं... माझ्या सुनेच्या, मृणालच्या बाळंतपणाला मी आणि तिची आई दोघी द हेगला आलो. विहीणबाई आधी परतायच्या आणि पुढे मी राहायचं, असं ठरलं होतं. तेवढ्यात करोनाने विमानं बंद झाली आणि एका ओट्यापाशी दोन विहिणी अडकल्या.

विहीणबाई बँकेत ऑफिसर होत्या, मी चौथी पास. बाळाला बघायला नर्स येते तिच्याशी त्या फाडफाड इंग्रजी बोलतात, तेव्हा मी दुपटी वाळत घालते. जळायला एवढं पुरे होतं मला.

तान्ह्या बाळाला ट्रामने न्यायची भीती, म्हणून निखिलने जुनी गाडी घेतली. घेतली माझ्या मुलाने, पण नावावर मृणालच्या... कशाला, विचारलं तर म्हणे, "सगळे कागद तिनेच केले, आई." मी गप्प बसले. तोंडाने.

पाडव्याला सकाळी तो गाडी घेऊन सुपरमार्केटला दूध आणि फुलं आणायला गेला. त्या दिवसांत सगळं बंद, फुलांना गिऱ्हाईक नाही, ट्युलिप नुसते पडून होते. हा दोन पिशव्या भरून घेऊन आला.

मी देठ कापले आणि जाड सुईने गाडीच्या पूजेसाठी हार ओवला. बॉनेटवर स्वस्तिक काढू नकोस, इथे लोक भलताच अर्थ घेतात, असं निखिल म्हणाला, म्हणून कुंकवाची पाच बोटं ओढली. विहीणबाई लांब उभं राहून मोबाइलवर फोटो काढत होत्या... मदत म्हणाल तर शून्य.

मग त्यांनाच आठवलं, कोथिंबीर राहिली. निखिल पुन्हा गाडी घेऊन गेला, हारासकट.

दोन आठवड्यांनी त्या पार्किंगवाल्या खासगी कंपनीचं पत्र आलं. दोन तासांपेक्षा जास्त थांबलात, दंड भरा. गाडी कोण चालवत होतं याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, जिच्या नावावर गाडी तिला पत्र. सोबत दोन फोटो, सकाळी आत शिरतानाचा आणि दुपारी बाहेर पडतानाचा. मधली घरची फेरी कॅमेऱ्याने गिळून टाकलेली.

निखिल म्हणाला, "भरून टाकू, विषय संपला." मृणाल म्हणाली, "का भरू? खरं आहे ते सांगू की." आणि सांगायचं काम अर्थातच मम्मीकडे गेलं.

विहीणबाईंनी इंग्रजीत दोन पानं लिहिली. दोन दिवस घरात त्याचं कौतुक. मम्मी, हे काय मस्त लिहिलंस, मम्मी, ते काय मस्त लिहिलंस... मी आपली पोळ्या लाटत होते.

उत्तर आलं, नामंजूर. तुम्ही दोनदा खरेदी केलीत हे पावत्यांवरून दिसतं, पण मध्ये गाडी बाहेर गेली याला पुरावा काय? आता एकच अपील उरलं होतं. खोटं कशाला बोलू, मला आतून बरं वाटलं.

पण मृणाल जेवेना. "आई, ते मला खोटारडी म्हणतायत. माझ्या नावाने." बाळंतीण ताटावर बसून रडलेली मला चालत नाही. दूध आटतं.

दुसऱ्या दिवशी ते कागद टेबलावर पडले होते. इंग्रजी मला येत नाही, पण फोटो बघता येतात. सकाळची गाडी बोडकी... आणि दुपारच्या गाडीच्या गळ्यात हार. माझा हार!

लगेच ओरडले असते, पण विहीणबाई समोरच मटार सोलत बसल्या होत्या. त्यांच्यादेखत सांगितलं असतं तर त्यांनीच शोधलं असं झालं असतं. त्या आंघोळीला जाईपर्यंत मी थांबले. मग मृणालला कागद दाखवला.

ती उडालीच. मग म्हणाली, "पण आई, हार पार्किंगमध्येच घातला म्हणाले तर? आपल्या दारातला फोटो हवा."

फोटो होते विहीणबाईंच्या मोबाइलमध्ये. झालं... बाथरूमचं दार मलाच वाजवावं लागलं.

"विहीणबाई, लवकर आटपा जरा."

"अहो, काय झालं? गरम पाणी संपलं का?"

"पाणी आहे. फोटो हवेत, पाडव्याचे."

डोक्याला टॉवेल गुंडाळून त्या आल्या. अकरा फोटो निघाले. गाडी, हार, मागे घराचा नंबर, प्रत्येकावर वेळ... आणि प्रत्येकात मी. मला वाटलं होतं बाई लेकीचे आणि जावयाचे काढतेय.

"सगळ्यांत कपाळाला आठ्याच आहेत तुमच्या," म्हणाल्या.

"तुम्ही समोर होतात ना," मी म्हटलं. त्या खो खो हसल्या. मला राग आला, मग मीही हसले.

या वेळी मी सांगितलं आणि त्यांनी लिहिलं, अर्धंच पान. परवा उत्तर आलं... दंड रद्द, झाल्या त्रासाबद्दल क्षमस्व. मृणालने ते बाळाला मोठ्याने वाचून दाखवलं आणि दोन वेळा वाढून घेऊन जेवली.

संध्याकाळी विहीणबाईंनी फॅमिली ग्रुपवर टाकलं, "माझ्या दोन पानांनी जे जमलं नाही, ते आमच्या विहीणबाईंच्या नजरेने केलं." सोबत माझा आठ्यांचा फोटो. त्यांच्या माहेरच्यांनीसुद्धा टाळ्या पाठवल्या.

त्यांच्या जागी मी असते तर एवढं लिहिलं नसतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. आता यावरूनही जळायला होतंय, बघा... पण बाईचे आभार मानायचे राहिले होते, ते इथे मानते. तोंडावर नाही जमायचं.