डोक्याच्या उंचीवरचा बांबू

लष्करात डोळे गमावून दादा पलूसला परतला. चहाच्या टपरीपर्यंत एकट्याने जाता यावे, एवढीच त्याची इच्छा होती. त्यासाठी घरी एक कुत्री आणली आणि तिला शिकवायला एक माणूस येऊ लागला. घरात तिला कुणी भाकरीचा तुकडाही घालायचा नाही, फक्त दादाने, असे त्याने बजावले. अंगणात माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर त्याने बांबू आडवा बांधला आणि कुत्रीला त्याला वळसा घालायला लावू लागला. खालून ती सहज गेली असती. मला हे सगळे ढोंग वाटले.

"तुला लय संशय रं," दादा हसायचा.

दादा कुत्रीला घेऊन एकटा टपरीकडे निघाला, त्या पहिल्या दिवशी मी गुपचूप त्यांच्या मागे गेलो. रस्त्याकडेच्या उसाच्या ट्रॉलीजवळ कुत्री थांबली. दादा "चल" म्हणाला तरी हलेना. लबाडी उघडी पडली, असे मला वाटले. मग दिसले, ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोके दादाच्या तोंडासमोर होती. कुत्रीने वळसा घालून त्याला पुढे नेले.

"गड्या, तुझ्या चपला लय वाजत्यात," मागे न वळता दादा म्हणाला. "जा आता घरी."

दादा जाऊन वर्ष झाले. कुत्री अजून अंगणातल्या कपड्यांच्या दोरीखालून जात नाही. मी खिडकीतून तिच्यावर नजर ठेवतो. शेजारी एका माणसाची जागा सोडून ती वळसा घालते.