जीपला दिलेला जादा दम

फौजेतल्या मेकॅनिकच्या नोकरीतून सुटून आलो, तेव्हा थोरल्या भावाची डिझेल जीप वडूजहून मिरजेला पेशंट न्यायची. चढ आला की ती दुसऱ्या गिअरवर रांगायची. धरणाच्या कामावरच्या मोडीत निघालेल्या एका परदेशी यंत्राचा छोटा टर्बो मला भंगारात सापडला. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर तो फिरतो आणि इंजिनात जास्त हवा कोंबतो. महिनाभर खटपट करून तो बसवला. जीप खरंच बदलली.

भावाचं तेवढ्यावर भागेना. "आनखी जरा वाढीव की रं. सा मानसं बसली की अजून दमतीया."

मला नको म्हणता आलं असतं. हवेचा दाब दाखवणारा मीटर माझ्याकडे नव्हता, धूर किती तापतो ते मोजायचं साधनही नव्हतं. पण गावात माझ्या हाताचं कौतुक चाललं होतं आणि ते मला गोड लागत होतं. जादा हवा सोडणाऱ्या झडपेची स्प्रिंग आवळली, पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं. मागून काळा धूर येत होता, तरी म्हटलं, चालंल.

आठ दिवस चाललंही. नवव्या दिवशी भर दुपारी एक अडलेली बाई आणि तिचा नवरा गाडीत होते. भाऊ चालवत होता, मी शेजारी. विट्याच्या अलीकडे चढावर ठण्ण आवाज आला, पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि जीप थांबली. बाई कण्हत होती. एसटी यायला तासभर गेला. मिरजेत पोचेपर्यंत उशीर झाला होता. बाई वाचली, बाळ गेलं.

वेळेत आली असती तर वाचलं असतं का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही."

इंजिन उघडलं. एका पिस्टनच्या डोक्याला वितळून भोक पडलं होतं. तो पिस्टन घेऊन मी मिरजेतल्या एका म्हाताऱ्या डिझेल-पंप मिस्त्रींकडे गेलो.

"मीटर लावला हुतास?"

"न्हाई."

"मग कशावर वाढीवलंस?"

"कानावर."

त्यांनी पिस्टन बाजूला ठेवला. "आता सगळं पहिल्यापासनं."

नवा पिस्टन बसल्यावर त्यांनी पंप मोजून बसवला, दाबाचा आणि धुराच्या उष्णतेचा असे दोन मीटर लावायला लावले. सगळ्यात कमी दाबापासून सुरुवात केली. झडप थोडी आवळायची, डिझेल त्याच मापात ठेवायचं, तोच चढ चढायचा, काटा बघायचा. काटा हद्दीच्या जवळ गेला की एक पायरी मागं यायचं. पंधरा दिवस लागले. टर्बो नसतानाच्या मानानं गाडी थोडीशीच जोरात झाली.

"एवढंच?" भावानं विचारलं.

"एवढंच," मी म्हटलं.

मग त्या बाईच्या नवऱ्याला भेटायला गेलो. चूक माझ्या हातची होती, असं सरळ सांगितलं.

"आवं, दुसरी गाडी आमच्या वस्तीवर येत बी न्हाई," तो म्हणाला. "तुमीच आला हुता."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या साली तीच बाई बाळंतपणाला पुन्हा आमच्या जीपमधून मिरजेला गेली. मी मागं बसलो होतो, आणि सगळ्या वाटेवर मला तिच्याकडे बघवलं नाही.