आधी तू पी

अक्का गेल्याचं मला कुसुमनं फोनवर कळवलं, आणि माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की ही एवढ्या सकाळी अक्कांच्या घरी काय करत होती? अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, कळंबच्या आमच्या महिला भजनी मंडळात पुढं गाणाऱ्या. कुसुम त्यांच्या मागं बसून साथ देणारी, आणि त्यांच्या जागेवर डोळा असलेली, असं मी तरी धरून चालले होते. मी पोचले तेव्हा डॉक्टर हृदयविकाराचा झटका सांगून गेले होते. ओट्यावर एका ग्लासात अर्धा चहा गार होऊन पडला होता. "हा कुणाचा?" मी विचारलं. "अक्कांचा," कुसुम म्हणाली. "माझा अर्धा पिऊन झाला होता..."

अक्का गळ्याला फार जपायच्या. सकाळी कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या, गालात ज्येष्ठमधाची काडी, दिवस मावळला की दही-ताक बंद. इथवर ठीक होतं. पण त्यांना खरी धास्ती शेंदराची. गाणाऱ्याला कुणी शेंदूर खाऊ घातला की आवाज कायमचा बसतो, हे आमच्याकडं शिकलेली माणसंही मानतात. त्यामुळं कार्यक्रमाला जाताना पाण्याचा फिरकीचा तांब्या घरचा. विडा घ्यायचा नाही, प्रसाद कपाळाला लावून पदरात बांधायचा. चहा मात्र टाळता येत नसे, घरधनीण रुसते. मग तो कप माझ्याकडं यायचा. "संगे, आधी तू पी." मी घोट घ्यायचा, त्यांनी माझ्या तोंडाकडं बघत थांबायचं, मग उरलेला त्यांनी प्यायचा. वर्षानुवर्षं हेच.

दोन-तीन वर्षांपूर्वी एका बारशाला शेजारच्या मांडवात डीजे लागला. अक्कांना माईकचं वावडं. डीजेला हरवायचंच म्हणून दुपारभर ताणून ताणून गायल्या. दुसऱ्या दिवशी आवाज घोगरा, आणि महिना उलटला तरी सुटेना. डीजेचं नाव त्यांनी काढलं नाही.

"कुणीतरी शेंदूर घातलाय."

"अक्का, आधी मी पीत होते की. मला कुठं काय झालं?"

"तुझा आवाज मुळातच फाटका, संगे. तुला काय व्हणार हाय?"

बोलणं बिनतोड होतं. इतकी वर्षं मी चाखून दिलेला एकेक कप संशयात सापडला, आणि त्याच्यासोबत थोडी मीही.

त्यांनी कुसुमला बोलावून घेतलं. "तुझा गळा चांगला हाय. इथून पुढं आधी तू प्यायचं."

"म्हणजे आधी मी मरू व्हय, अक्का?"

"मरत न्हाईस. निस्ता आवाज जाईल."

कुसुम हसली, अर्धा चहा प्याली आणि ग्लास पुढं सरकवला. इतक्या सहज तयार झाली, त्यानं मला जास्तच शंका आली.

डॉक्टरकडं जायला अक्का तयार नव्हत्या. घशात काय घालतील कुणास ठाऊक. घोगरेपणा इतका लांबणं बरं नसतं, त्यातून काहीही निघू शकतं, असं मी बजावून थकले. शेवटी कुसुम म्हणाली, "आधी माझ्या घशात घालू द्या, मग तर झालं?" धाराशिवच्या घशाच्या डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी तेही केलं. कपाळावर दिवा, कुसुमची जीभ बाहेर ओढून धरलेली, घशात छोटा आरसा. "ई म्हणा." कुसुमनं तो सुरात लावला. अक्का घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "सूर खाली गेला." आणि मग आपणहून खुर्चीवर जाऊन बसल्या.

स्वरयंत्रावर गाठी निघाल्या, साध्या. ताणून गाण्यानं येणाऱ्या. शेंदराचा संबंध नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. पूर्ण मौन पाळायचं, कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानंही ताण पडतो. बसस्टँडवर येईपर्यंत अक्कांना राहवलं नाही. माझ्या कानाशी आल्या, "हा डॉक्टर कुसुमच्या माह्यारचा तर न्हाय ना?" कुसुमनं मागून त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "कुजबुजायचं न्हाय म्हणलेत."

मौनाच्या काळात कुसुम पुढं गायली. अक्का शेजारी नुसता टाळ धरून. कुसुमचं गाणं चांगलं होत होतं, आणि मला दिसत होतं की अक्कांची जागा गेली. काही महिन्यांनी आवाज परतला, थोडा जाड होऊन. त्या दिवशी अक्का यायच्या आधीच कुसुम उठून मागं बसली होती, आणि पुढच्या जागेवर माईक लावून ठेवला होता. यात हिचा काय डाव असेल, असा विचार मी घरी जाईपर्यंत केला. सापडला नाही. पुढं अक्का माईकवर गायला लागल्या. डॉक्टरांवर त्यांचा विश्वास बसला असावा... निम्मा तरी. कारण चहा तसाच चालू राहिला. रोज सकाळी कुसुम घरी यायची, आधी अर्धा ती प्यायची, हे मला अक्का गेल्या त्या दिवशी कळलं.

परवा ती माझ्याकडं आली होती. मंडळातल्या बायका तिला पुढं बसायला सांगतात आणि ती बसत नाही. मी म्हटलं, "बस. ती जागा रिकामी ठेवून काय उपयोग?" मी दोघींना चहा ओतला. तिनं तिचा अर्धा चहा प्यायला आणि उरलेला ग्लास सवयीनं माझ्यापुढं सरकवला. मग तिच्या लक्षात आलं, पण हात मागं घेईना...

माझा कप तसाच ठेवून मी तिचा ग्लास उचलला आणि पिऊन टाकला. माझा आवाज मुळातच फाटका, मला काय होणार आहे?